न उघडणाऱ्या मोटारीविरुद्ध

साठी उलटलेल्या गृहस्थाने खेळण्यातली मोटार घेऊन ओसरीवर पालथे पडावे, हे आमच्या तुमसरात सहजासहजी खपत नाही. धानाचा भाव, राइस मिलचा कोंडा आणि तिरोडीकडे जाणाऱ्या गाडीची वेळ, ह्या विषयांवर येथे कोणी कितीही बोलावे. पण वर्तमानपत्र पसरून त्यावर इवलेसे स्क्रू मांडून बसलेला म्हातारा दिसला, की घाईत असलेला माणूससुद्धा सायकलवरून उतरतो.

"काहून जी काका, काय करून राह्यले?"

"मोटार जोडून राह्यलो."

"रेडीमेड भेटते नं जी!"

हे वाक्य मी महिनाभरात इतक्या तोंडांतून ऐकले, की आता त्याला लेखी उत्तर देणे भाग आहे.

प्रकरण असे झाले. गेल्या दिवाळीत नातवासाठी मी शहरातल्या एका झगमगीत दुकानातून रिमोटची मोटार आणली. तिचे दिवे लागत, ती गाणे म्हणे. तिसऱ्या दिवशी ती फक्त उजवीकडे वळू लागली आणि पाचव्या दिवशी तिने तेही सोडले. मी पेचकस घेऊन तिला उलटी केली, तर पोटाला एकही स्क्रू नाही! सगळे प्लास्टिक वितळवून चिकटवलेले. दुकानात नेली. मालक मान वर न करता म्हणाले, "ती खुलत नाही. नवीन घ्या."

नातू सात वर्षांचा. त्याने मालकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि घरी येऊन मोटार निमूटपणे कचऱ्याच्या डब्यात टाकली. रडला असता तर मला बरे वाटले असते. मोडले की आधी रडायचे आणि मग दुरुस्त करायचे, ही आमची रीत. मोडले की टाकायचे, हे तो एका वाक्यात शिकला होता.

त्याच रात्री मी पुण्याच्या भाच्याला फोन केला आणि जपानी पेटी मागवली. शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९७० च्या दशकापासून अशा मोटारी विकते. रस्ता सोडून धावणारी 'सँड स्कॉर्चर' १९७९ ची, 'हॉर्नेट' १९८४ ची. जुन्या शौकिनांनी इतकी आठवण काढली, की २००४ साली हॉर्नेट पुन्हा बाजारात आली. माझी तीच, खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाची. पेटी उघडली तर आत मोटारच नाही! प्लास्टिकचे सांगाडे, पुड्यांत स्क्रू, ग्रीस आणि चित्रांचे एक पुस्तक. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या पैशात त्यांनी जोडून पण नाही दिली?" एवढे म्हणजे किती, ते मी त्यांना निम्मेच सांगितले होते.

आठ संध्याकाळी मी जोडत होतो. वरचे कवच पारदर्शक असते आणि रंग आतून द्यायचा असतो. म्हणजे बारीक पट्टे आधी आणि मुख्य रंग शेवटी. जन्मभर भिंतींना आधी अस्तर देत आलेल्या मला हे उलटे शास्त्र कोठून कळणार? मी आधी पिवळा रंग फासला आणि मग त्यावर हौसेने लाल पट्टे ओढले. लाल पट्टे आजही आहेत. फक्त ते पाहायला मोटारीत बसावे लागते.

बाकी सुधारणा मात्र जमल्या. बटणाच्या फटीतून चिखल जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला. जपानी ड्रायव्हरच्या डोक्याला दुपट्टा रंगवला. आमच्या उन्हात हेल्मेटचे काय काम? आणि रिमोटमध्ये सेल घातले तेव्हा नातवाला सांगितले, "आपल्या तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे ना, तिथलं मँगनीज ड्राय सेलच्या कारखान्यांत जातं." तो सेल कानाशी नेऊन हलवू लागला.

आता आरोपांकडे वळतो. म्हणे, हे वय आहे का? वाचकहो, आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. चाकांवरचा लाकडी बैल सजवून पोरे बोजारा मागत फिरतात. माझ्या वडिलांचा बैल मी ओढला, माझ्या मुलानेही ओढला. तीनदा चाके बदलली, एकदा शिंग. 'हा बैल खुलत नाही' असे आम्हांला कोणत्याही सुताराने सांगितले नाही. त्या बैलाला वय विचारत नसाल, तर मलाही विचारू नका.

दुसरा आरोप रेडीमेडचा. त्यात तथ्य आहे. सगळेच घरी जोडत बसलो तर धान कोण कापणार? घड्याळ, पंखा, मिक्सर मीही तयारच आणतो. माझे भांडण जोडलेल्या वस्तूशी नाही, न उघडणाऱ्या वस्तूशी आहे. ज्याच्या पोटात डोकावता येत नाही, ते पैसे मोजूनही आपले होत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारने २०२२ साली एक पोर्टल काढले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने घेतली. खेळणी नाहीत. वास्तविक सुरुवात तिथूनच हवी होती. सातव्या वर्षी ज्याला 'खुलत नाही' असे सांगितले, तो सदतिसाव्या वर्षी पंपाचे झाकण कशाला उघडेल?

मार्गशीर्षात आम्ही मोटार कापणी झालेल्या बांधीत नेली. ह्या हॉर्नेटची मागची चाके, मोटर आणि गिअर एकाच तुकड्यात असल्यामुळे ती मागून बैलासारखी उधळते. धानाच्या खुंटांवरून ती तीन उड्यांत धुऱ्यावर चढली, चौथ्या उडीत पलीकडे उलटली आणि पुढचे चाक वाकडे झाले. बघायला आलेले शेजारी आनंदाने म्हणाले, "गेली नं जी! आता?"

मी नातवाकडे पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते. म्हटले, चला, रीत परत आली!

मग त्याने बाहीने नाक पुसले, मोटार उलटी केली आणि माझ्यापुढे हात केला.

"आजोबा, पेचकस द्या."