आधी जमिनीवर बसा, मग फोटो काढा

आपल्या संस्थांचे जुने-नवे अहवाल काढून बघा. डहाणू, जव्हार, मोखाडा, पालघर. गावं वेगळी, संस्था वेगळ्या, पण मुलाचा फोटो एकच. उभं राहून वरून काढलेला. मूल मान वर करून बघतंय, हातात वाटी, अंगावर कपडा नाही. आई चौकटीच्या बाहेर. फार तर तिचा हात दिसतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून आदिवासी मूल म्हटलं की हाच साचा. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, साचा बदलला नाही. आता फोन आपल्याच हातात आहे, तेव्हा दोष बाहेरच्या फोटोग्राफरला देऊन चालणार नाही.

माकुणसारच्या बैठकीत हा विषय निघाला, तर पहिला प्रश्न आला, फोन कुठला घ्यायचा? माझं म्हणणं, आहे तो पुरतो. काच पुसा आणि खाली बसा. फोन मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. जवळून, वरून फोटो काढला की डोकं मोठं आणि हातपाय काटक्यांसारखे येतात. धडधाकट पोरही कुपोषित दिसतं! असे किती फोटो आपण पुरावा म्हणून छापले असतील, कोण जाणे.

कुडाच्या घरात उजेड कमी असतो. म्हणून फ्लॅश मारू नका. चेहरा पांढराफटक येतो आणि तान्हं दचकतं. आईला मुलाला घेऊन दाराशी बसू द्या, तोंड उजेडाकडे. अंधारात फोनला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मूल हलतं आणि फोटो पुसट होतो. भर दुपारचं ऊनही नको, सकाळ बरी. पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की फोन उजेडाचा हिशेब त्या चेहऱ्याप्रमाणे करतो. सावळा चेहरा काळाठिक्कर पडत नाही. आणि पुष्कळ फोनमध्ये ‘ब्यूटी’ म्हणून एक सोय असते, ती आधी बंद करा. ती कातडी उजळ करते. गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध आपण शिबिरं घ्यायची आणि आपल्याच फोनने वारल्याचं पोर गोरं करायचं, हे कसं चालेल? मुलाला ‘हस, हस’ म्हणू नका. त्याला खेळू द्या, पुष्कळ फोटो घ्या, एक ठेवा, बाकीचे तिथेच पुसून टाका.

पण हे सगळं नंतरचं. आधी आईला विचारायचं. आपण विचारतो असं आपण म्हणतो, पण ती ‘नाही’ म्हणू शकते का? १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार देताना पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा पडताळणं सक्तीचं करण्यात आलं. चेहरा जुळला तर आहार. अशा बाईसमोर कुणीही फोन धरला की तिला तो धान्याचाच फोटो वाटणार. त्यामुळे स्पष्ट सांगावं लागतं की हा आहाराचा फोटो नाही, नको म्हणालीस तरी काही बंद होणार नाही. तिने मान हलवली म्हणजे होकार झाला, असं धरू नका. फोटो कुठे छापणार, कोण बघणार, तेही सांगा.

फोटोखाली मुलाचं नाव, पाडा, शाळा एकत्र देऊ नका. कॅमेऱ्यातली जागा नोंदवायची सोयही बंद ठेवा. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापणं गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेला फोटो तर कुठवर जाईल याचा नेम नाही.

देणगीदार ‘आधीचा आणि नंतरचा’ फोटो मागतात. वजनाचा तक्ता द्यावा, मुलाचं उघडं अंग देऊ नये. आणि प्रिंट काढाल तेव्हा दोन काढा, एक त्या घरी पोचवा. पोराचे डझनभर फोटो तालुक्याच्या फायलींत आणि आईकडे एकही नाही, अशी घरं मला माहीत आहेत.

पुढच्या अहवालाचे फोटो निवडायला दोन-तीन आयांना बसवावं, असं मी आमच्या गटात मांडलं आहे. त्यात फार वेळ जाईल, असं काहीजणींचं म्हणणं. जाऊ दे की.