गाळलेली ओळ

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी वर्तमानपत्रांना जो मान मिळतो, तो वर्षभरात कधी मिळत नाही. चकल्यांखाली घालायला, फळ्यांवर पसरायला आमची सौभाग्यवती माळ्यावरची रद्दी खाली काढते आणि मी मदत म्हणून ती वाचत बसतो. परवा असाच बसलो असताना तिने एक पान माझ्यापुढे धरले.

"अहो, हे वापरू की ठेवू?"

पान पाहिले मात्र, तोंडातली चकली तोंडातच राहिली. मथळा होता, 'तासगावचा द्राक्षबागायतदार कर्जात बुडाला!' खाली कोणाचे नाव नव्हते. पण मजकूर माझा होता. उद्गारचिन्हसुद्धा माझेच.

"ठेव," मी म्हणालो. वाचकहो, घर झाडायला काढलेच आहे, तर हाही एक कोपरा आज झाडून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या संस्थेतून मला फोन आला. सरकारने कोणते धोरण आखावे याचा अभ्यास करून सल्ला देणारी ही संस्था. अशा संस्थेला 'थिंक टँक' म्हणतात. त्याचे मराठी 'विचारांची टाकी' असे केले, तर आमच्या तासगावात लोक कळशा घेऊन यायचे! तर ते असो. संस्थेने आमच्या भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या कर्जाची पाहणी केली होती आणि तिचा जाडजूड इंग्रजी अहवाल तयार होता. फोनवरचे गृहस्थ 'माध्यम-संपर्क' पाहत असत.

"सर, अहवाल कोणी वाचत नाही," ते मोकळेपणाने म्हणाले. "वर्तमानपत्रासाठी चारशे शब्द द्या. एक आकडा, एक मथळा आणि आमच्या संचालकांचे एक वाक्य."

"संचालक काय म्हणाले आहेत?"

"ते तुम्हीच लिहा. ते होकार देतील."

मी मराठीचा प्राध्यापक. आजवर कोणी माझ्याकडे मथळा मागितला नव्हता. मी हुरळून गेलो. अहवालाच्या पहिल्याच पानावर एक सूचना होती: ही पाहणी दोन गावांतल्या मोजक्या बागायतदारांची असून ती अवकाळी पावसाच्या वर्षी केली आहे, तीवरून सबंध तालुक्याविषयी निष्कर्ष काढू नये. मी इमानाने तिचे मराठी केले. गृहस्थ म्हणाले, "यामुळे मजकूर थंड पडतो, सर." खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. मी ती ओळ गाळली.

पुढचा प्रवास मी कौतुकाने पाहत राहिलो. पत्रक संध्याकाळी उशिरा वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचले. त्या वेळी उपसंपादकापुढे कामाचा ढीग असतो. त्यात तयार मथळ्याचा, शुद्ध मराठीतला मजकूर आयता आला, तर तो कशाला बदलील? दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा छापून आला. तिसऱ्या दिवशी एका वाहिनीवर चर्चा झाली. तज्ज्ञ म्हणून संस्थेचेच संचालक बसले होते आणि मी लिहिलेले वाक्य ते स्वतःचे म्हणून तळमळीने बोलत होते. आठवड्याने एका पुढाऱ्याने भाषणात 'वर्तमानपत्रांत आलेच आहे' म्हणून तो आकडा सांगितला. वर्षअखेरीस संस्थेचे कार्यवृत्त आले. त्यात लिहिले होते की, आमच्या अभ्यासाची माध्यमांनी आणि लोकप्रतिनिधींनी दखल घेतली! जे पाणी त्यांनी ओतले, तेच पाटाने फिरून त्यांच्या हौदात आले. फक्त वाटेत त्याला 'लोकमत' हे नाव मिळाले.

आमच्या शेजारी एक बागायतदार राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. बाग उत्तम, देणे बेताचे, माणूस शब्दाचा पक्का. त्यांच्या मुलीचे पुण्यातल्या एका घरी जवळजवळ ठरले होते. बातमी आल्यानंतर पंधरा दिवसांनी त्या मंडळींचा निरोप आला: "तूर्त थांबू या. तिकडचे सगळेच अडचणीत आहेत असे वाचले." तात्या ते कात्रण घेऊन माझ्याकडेच आले, शिकला-सवरलेला माणूस म्हणून.

"सर, हे कुणी लिवलं आसंल हो?"

मी सांगून टाकले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठता उठता म्हणाले, "गारांनी जेवढं न्हाई केलं, तेवढं तुमच्या मराठीनं केलं बघा."

मी वर्तमानपत्राला खुलाशाचे पत्र पाठवले. ते वाचकांच्या पत्रव्यवहारात, अगदी तळाशी छापून आले. बातमी वाचणाऱ्यांपैकी ते किती जणांनी वाचले असेल, याचा हिशेब मी केला नाही.

मग अभ्यासकांनी वर्तमानपत्राच्या वाटेला जाऊच नये की काय? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले, आणि मी जुने वाचू लागलो. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालची. १८९६ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगाव हिंडली आणि 'केसरी'ने सरकारच्याच दुष्काळ-संहितेतले नियम शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून दिले. इंग्रजी कायद्याचे मराठी तिथेही झाले. पण ते शेतकऱ्याला त्याचा हक्क कळावा म्हणून झाले.

१९३० साली साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तेव्हा आमचे तासगावही सातारा जिल्ह्यातच होते. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्यानंतर ती जागा वि. म. दांडेकरांकडे आली, तेही जन्माने सातारकर. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोघांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ च्या जानेवारीत मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. देश त्या वेळी 'गरिबी हटाव'च्या निवडणुकीला निघाला होता. माणसाला रोज २,२५० उष्मांकांचे अन्न मिळायचे, तर १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च येतो. खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक या रेषेच्या खाली आहेत, असे त्यांनी दाखवले. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द घरोघर पोचला, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

म्हणजे एक आकडा त्यांच्याकडेही होताच. पण तो कसा काढला, हे सगळे उघड्यावर मांडलेले होते. म्हणूनच त्याच्याशी भांडता आले. पुढे सातारा जिल्ह्यातल्याच बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे भांडलेही. माणसाची अन्नाची गरज सारखी बदलत असते, सरासरी म्हणजे रेषा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दोघा सातारकरांचा हा वाद वाचकांसमोर रंगला. वाद घालता येईल असा आकडा देणे, हेही अभ्यासकाचे कर्तव्यच.

आणि आमचे विसापूर! तासगाव तालुक्यातले हे गाव. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पाग्यांनी, मागेल त्याला काम देता येते की नाही, हे साठीच्या दशकात या भागात आधी करून पाहिले. १९७२ च्या दुष्काळाने त्या कल्पनेची परीक्षा घेतली आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली दिल्लीने तसाच कायदा केला. आम्हा पगारदारांच्या पगारातून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर कुरकुर होते. तो कर १९७५ साली या योजनेच्या खर्चासाठीच बसवला गेला, हे मलासुद्धा या वाचनातच कळले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, तर त्याला मिळणारी माहिती खरी हवी. एकदा तो फसला, की पुढच्या खऱ्या दुष्काळालाही तो 'पत्रक' म्हणेल.

म्हणून आता आमच्या घरी एक नियम झाला आहे. वर्तमानपत्रात पाहणीचा आकडा दिसला, की सौभाग्यवती चहाचा कप पुढे ठेवत विचारते, "किती घरे विचारली? कोणत्या वर्षी? पैसे कोणाचे?" बातमीत उत्तर नसेल, तर ते पान चकल्यांकडे जाते. आपणही करून पाहा, सोपे आहे.

त्या गृहस्थांचा मागल्या वर्षी पुन्हा फोन आला होता. लिहीन, पण सूचना पहिल्या परिच्छेदात येईल, असे मी म्हणालो. त्यानंतर फोन आलेला नाही.

तात्यांच्या मुलीचे पुढे चांगल्या घरी जमले. यंदाही दिवाळीला त्यांच्याकडून बेदाण्याची पिशवी आली. पूर्वी ते स्वतः घेऊन येत आणि तासभर बसत. आता मुलाच्या हाती पाठवतात. हा अंक हाती आला, की पहिली प्रत घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे. यातली एकही ओळ गाळू नये, एवढीच संपादकमहाशयांना विनंती.