बर्फ खोटा, गाव खरे!

नाताळ जवळ आला की अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर एक ठरावीक कथा दरवर्षी नव्या नावाने अवतरते. महानगरात नोकरी करणारी नायिका सुटीसाठी आपल्या जुन्या गावी परतते. तेथे तिला एक साधा, सालस नायक भेटतो. किरकोळ गैरसमज होतात आणि ऐन नाताळात, बर्फ पडत असताना, त्यांचे मनोमीलन होते. 'हॉलमार्क' वाहिनीने २००९ पासून या चित्रपटांना 'काउंटडाउन टू ख्रिसमस' या नावाखाली हंगामी उत्सवाचे रूप दिले. २०१९ च्या हंगामात तर या समूहाच्या वाहिन्यांवर सुमारे ४० नवे चित्रपट झळकले. समीक्षकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. प्रेक्षकांनी मात्र त्यांना मनापासून स्वीकारले.

या चित्रपटांच्या कथेपेक्षा त्यांचे अर्थकारण अधिक रंजक आहे. हॉलीवूडच्या बड्या चित्रपटाचा खर्च कोट्यवधी डॉलरच्या घरात जातो. येथे मात्र साधारण वीस लाख डॉलर आणि पंधरा-एक दिवसांचे चित्रीकरण एवढ्यावर काम भागते. अनेकदा ते ऐन उन्हाळ्यात होते आणि बर्फ कृत्रिम असतो. एवढ्या तुटपुंज्या पैशांत भव्य नेपथ्य उभारणे शक्य नाही. म्हणूनच निर्माते आयते नेपथ्य शोधतात आणि ते त्यांना ऐतिहासिक गावांत मिळते.

कनेटिकट राज्यातील वेदर्सफील्ड हे असेच एक गाव. राजधानी हार्टफर्डला लागून असलेली ही वसाहत १६३४ सालची. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेला हॉलमार्क समूहाचा 'ख्रिसमस ऑन हनीसकल लेन' येथे चित्रित झाला. आईवडिलांच्या पश्चात त्यांचे घर विकण्यापूर्वी भावंडांनी तेथे साजरा केलेला अखेरचा नाताळ आणि जुन्या वस्तूंच्या जाणकाराशी जुळलेले नायिकेचे सूत, असे त्याचे कथानक. त्यासाठी वापरलेला सायलस रॉबिन्स यांचा प्रशस्त वाडा १८७३ सालचा. तो कोणत्याही कलादिग्दर्शकाने उभारलेला नाही. एका बियाणे व्यापाऱ्याने तो बांधला आणि पुढच्या पिढ्यांनी जतन केला.

जतनाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जुन्या वेदर्सफील्डचा परिसर १९७० मध्ये राष्ट्रीय वारसा सूचीत समाविष्ट झाला. त्यात सुमारे १,१०० वास्तू आहेत. अशा संरक्षित परिसरात रस्त्यावरून दिसणारा घराचा बाह्यभाग बदलायचा असल्यास स्थानिक वारसा आयोगाची परवानगी लागते. खिडकी, कुंपण, ओसरी यांत मालकाच्या मर्जीने वाटेल तसा फेरफार करता येत नाही. म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे 'सुंदर गाव' दिसते, ते अनेक दशकांच्या सार्वजनिक शिस्तीचे आणि रहिवाशांनी सोसलेल्या खर्चाचे फळ आहे. निर्मात्याच्या अंदाजपत्रकात त्याचे मूल्य लागते ते फार तर काही दिवसांच्या भाड्याइतके.

सरकारी तिजोरीचा वाटाही दुर्लक्षित करण्याजोगा नाही. कनेटिकटने २००६ पासून चित्रपटनिर्मितीसाठी करसवलत सुरू केली. दहा लाख डॉलरहून अधिक पात्र खर्च करणाऱ्या निर्मितीला त्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. निर्मात्याला स्वतःचा कर फारसा भरायचा नसेल, तर ही सवलत दुसऱ्या कंपनीला विकताही येते. वीस लाखांचा सर्व खर्च पात्र ठरला, तर सहा लाख डॉलरचा भार प्रत्यक्षात राज्याच्या करदात्यावर पडतो. सवलतीचे समर्थक सुतार, वीजतंत्री, खानपान व्यावसायिक आणि हॉटेले यांना मिळणाऱ्या कामाकडे बोट दाखवतात. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु पंधरा दिवसांचे काम पंधरा दिवसांतच संपते. शिवाय या प्रकारचे बहुसंख्य चित्रपट कॅनडात तयार होतात. तेथील सवलती आणि स्वस्त चलन यांचे आकर्षण वाढले, की निर्मात्यांचा मुक्काम हलण्यास वेळ लागत नाही.

याचे कारण स्पष्ट आहे. या चित्रपटांना विशिष्ट गाव नको असते. 'गावासारखे गाव' हवे असते. पांढरे चर्च, हिरवळीचा चौक, जुनी दुकाने एवढे असले की पुरे. पडद्यावर त्या गावाला बहुधा काल्पनिक नाव मिळते. परिणामी गावाचा चेहरा लाखो घरांत पोहोचतो. गावाचे नाव मात्र मागेच राहते.

नावाबरोबर इतिहासही पुसला जातो. मे १७८१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनानी रोशाँबो यांची खलबते झाली ती वेदर्सफील्डच्या वेब यांच्या घरात. त्याच वर्षी यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली. अमेरिकी क्रांतिकारकांनी १७७६ मध्ये फ्रान्सला पाठविलेले दूत सायलस डीन हे याच गावचे. येथील तांबडा कांदा वेस्ट इंडीजच्या बेटांवर जात असे. तेथील मळे गुलामांच्या श्रमावर चालत. सतराव्या शतकात चेटकाच्या आरोपावरून कनेटिकटमध्ये ज्यांना फासावर चढविण्यात आले, त्यांत वेदर्सफील्डचे रहिवासीही होते. त्या साऱ्यांना राज्याच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये ठराव करून निर्दोष ठरविले. सुटीतील हलक्याफुलक्या प्रेमकथेने हे सारे सांगावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र गावाने स्वतःची ओळख त्या प्रेमकथेपुरती आकसू दिली, तर नुकसान गावाचेच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कनेटिकट सरकारने 'ख्रिसमस मूव्ही ट्रेल' हा पर्यटन मार्ग जाहीर केला, तो या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. राज्यात चित्रित झालेल्या नाताळपटांची स्थळे एका सूत्रात गुंफून पर्यटकांना त्या गावांत, तेथील दुकानांत आणि खानावळींत आणणे, असा त्यामागचा हेतू. करसवलतीपोटी गेलेल्या पैशाचा काही अंश स्थानिकांच्या हाती परत येण्याचा हा मार्ग आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पडद्यावर हरवलेले गावाचे नाव त्यातून पुन्हा फलकावर येते.

अर्थात, फलक लावल्याने काम संपत नाही. चित्रपटातील घरासमोर छायाचित्र काढून पर्यटक पुढच्या गावी निघून गेला, तर हाती उरेल ती वाहनांची गर्दी आणि कॉफीची विक्री. तोच पर्यटक चार पावले चालून वेब यांच्या घरात शिरला, तर त्या गावाने हा वारसा कशासाठी जपला हे त्याला उमगेल. चित्रपट गावापर्यंत माणूस आणू शकतो. त्याला गाव सांगण्याचे काम गावालाच करावे लागते. चेहरा भाड्याने देण्यात गैर काही नाही. त्याची किंमत ठरविताना मात्र तो चेहरा जपणाऱ्यांचा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे.