हक्क आधी, कार्ड मागून

युरोपीय संघातल्या नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला एक वाक्य जागोजागी ऐकावं लागतं: ‘कार्ड येईपर्यंत तुम्हाला इथं हक्क नाही.’ हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. अशा पासपोर्टावर गोवेकर डब्लिनला कामाला गेला आणि त्याच्या बायकोचा पासपोर्ट भारतीय असला, की तिला या वाक्याशी झगडावं लागतं. हे वाक्य सोयीचं आहे, पण कायद्याला धरून नाही. तिचा हक्क उभा राहतो तो दोन गोष्टींवर: लग्न, आणि नवऱ्यानं दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करणं. निवासाचं कार्ड त्या हक्काची नोंद करतं, तो जन्माला घालत नाही.

संघाचा २००४/३८ क्रमांकाचा निर्देश याबाबत संदिग्ध नाही. तीन महिन्यांहून अधिक राहायचं तर कार्डासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाची पोच लगेच आणि कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यायचं, हे सरकारचं कर्तव्य. त्याच निर्देशाचं पंचविसावं कलम बजावतं की, हक्क बजावण्यासाठी कार्डाची किंवा पोचेची पूर्वअट कधीही घालता येणार नाही. हक्क इतर कोणत्याही पुराव्यानं सिद्ध करता येतो. तेविसावं कलम अशा जोडीदाराला नोकरी करण्याचा हक्क देतं. आयर्लंडनं एकेकाळी जोडीदारानं आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर वास्तव्य केलेलं असावं, अशी अट घातली होती. २००८ मध्ये मेटॉक खटल्यात युरोपीय न्यायालयानं ती मोडीत काढली.

मग पुरावा कोणता? मडगावच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडचा विवाहाचा दाखला, त्याच्या पाठीवर परराष्ट्र मंत्रालयानं चिकटवलेलं अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेलं प्रमाणन, तिचा पासपोर्ट, नवऱ्याचा पोर्तुगीज पासपोर्ट आणि त्याच्या नोकरीचं पत्र. एवढे कागद समोर असताना फक्त प्लास्टिकचं कार्ड नाही म्हणून तिला कामावर न घेणं म्हणजे घराचं खरेदीखत बाजूला सारून दारावरची पाटी मागणं. सहा महिने पगार नसेल, तर भाडं एकाच्या कमाईवर भरावं लागतं. कायद्यानं दिलेला हक्क कारकुनी उशिरानं हिरावला जातो.

यावर आक्षेप येतो की, असं मानलं तर खोट्या लग्नांना रान मोकळं होईल. होणार नाही. पस्तिसावं कलम बनावट लग्नाच्या आधारे मिळवलेला हक्क नाकारण्याची मुभा देतंच. मात्र चौकशी त्या त्या प्रकरणापुरती करायची आणि बनावटपणा दाखवण्याचं ओझं सरकारनं वाहायचं; सगळ्याच जोडप्यांना संशयित धरायचं नाही. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: मालकानं कायदा कुठवर वाचत बसायचं? त्याची अडचण खरी आहे, पण ती दूर करणं हे सरकारचं काम. पोच त्याच दिवशी द्यावी, आणि तिच्यावर या व्यक्तीला काम करता येतं असं ठळक छापावं. अडचणीचा भुर्दंड बाईनं का भरावा?

हे तत्त्व सरकारविरुद्धही नाही. सहा महिन्यांची मुदत उलटली म्हणून कार्ड आपोआप द्यावं लागत नाही, असं याच न्यायालयानं २०१८ मध्ये डियालो खटल्यात ठरवलं. कारण तेच: कार्ड हक्क निर्माण करत नाही, तेव्हा अटी न पाळणाऱ्याला ते चुकूनही मिळू नये. नवऱ्याचं काम किंवा स्वतःचं उत्पन्न आणि आरोग्यविमा, या अटी खऱ्याच आहेत. आणि स्वतःच्या देशातच राहिलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला हा निर्देश सहसा लागू होत नाही. जो नियम अपात्राला कार्डाच्या आडोशाला उभं राहू देत नाही, त्याच नियमानं पात्र जोडीदाराला कार्डावाचून अडवताही येत नाही. सरकारनं त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलू नये.