खाटा वाढल्या, हात वाढले नाहीत

सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत हातात चादर, पाण्याची बाटली आणि तपासण्यांची फाइल घेतलेली माणसे रोज दिसतात. जवळच धंतोली-रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची दाटी आहे. मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये शहरातच आहेत.

अत्यवस्थ माणूस अतिदक्षता विभागात दाखल होतो. मूळ आजार आटोक्यात येऊ लागतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप चढतो. श्वासनलिकेत, शिरेत वा मूत्रमार्गात घातलेल्या नळीवाटे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू शरीरात शिरलेले असतात. नेहमीच्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. मग मेरोपेनेम, तेही निष्प्रभ ठरले तर कोलिस्टिन, म्हणजे मूत्रपिंडांना इजा करू शकणारे जुने औषध. चिठ्ठी घेऊन दुकानाकडे धावतो तो नातेवाईक. रुग्णालयात जडलेल्या आजाराचे बिलही रुग्णानेच भरावे, असा हा न्याय आहे!

हे जंतू प्रामुख्याने हातांवरून पसरतात. व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडले. त्यांच्या प्रसूतिविभागात एप्रिलमध्ये शेकडा अठरा माता दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा दोनवर आले. तेव्हा आज वाण आहे ती ज्ञानाची नव्हे, हातांची. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असा आहे. एकीवरच तीन-चार रुग्ण सोपविले, तर प्रत्येक स्पर्शाआधी हात धुण्याची उसंत तिला मिळणार कशी? संसर्ग झाला की दोष मात्र तिच्या माथी. खाटेचे कठडे पुसणारा सफाई कामगार तर बहुधा कंत्राटदाराचा माणूस. आज या वॉर्डात, उद्या दुसरीकडे. त्याला जंतुनाशकाचे प्रमाण शिकविण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंतील एका विकराला नवी दिल्लीचे नाव दिले गेले, तेव्हा आपल्या राज्यकर्त्यांचा राष्ट्राभिमान चांगलाच दुखावला होता. वॉर्डातल्या कोरड्या नळांनी तो कधी दुखावल्याचे ऐकिवात नाही.

शासकीय असो वा खासगी, प्रत्येक अतिदक्षता विभागाने दर हजार नळी-दिवसांमागे किती संसर्ग झाले हा आकडा दर्शनी भागात लावावा, परिचारिकांची रिक्त पदे भरावीत, सफाईचे कायमस्वरूपी काम कायम कामगारांकडे द्यावे, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. रुग्णाला घेऊन नागपुरास येणाऱ्या कार्यकर्त्याने खाटेचे भाडे विचारतानाच आणखी एक प्रश्न विचारावा: रात्रपाळीला किती खाटांमागे किती परिचारिका असतात?