विज्ञान वरळीलाच थांबणार काय?

शाळेची सहल मुंबईस न्यायची म्हटले की वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचे नाव शिक्षकांच्या यादीत येतेच, आणि ते योग्यच आहे. १९७७ मध्ये प्रकाश व दृष्टी या विषयावरील एका दालनाने या कार्याचा आरंभ झाला. १९७९ मध्ये तेथे विज्ञान उद्यान उभे राहिले. आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. ‘वस्तूंना हात लावू नये’ हा संग्रहालयाचा जुना दंडक या केंद्राने मोडला. कळ दाबावी, चाक फिरवावे, आपल्याच डोळ्यांनी नियमाची प्रचीती घ्यावी, ही सोय मुलांना लाभली.

परंतु ती कोणत्या मुलांना? पोलादपूरहून वरळीस जाऊन येण्यात पुरा दिवस मोडतो. घाटमाथ्याखालच्या वाडीतील मुलाच्या वाट्याला हे केंद्र आलेच तर शालेय जीवनात एकदा, तेही दोन-तीन घटकांपुरते. अधूनमधून येणारे फिरते प्रदर्शन स्वागतार्ह खरे. पण बस निघून गेली की प्रयोगही तिच्याबरोबर जातात.

मोठ्या शहराबाहेर विज्ञान केंद्र चालणार नाही, ही समजूत निराधार आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या योजनेतून १९८२ मध्ये पश्चिम बंगालातील पुरुलियास आणि १९८४ मध्ये गुजरातेतील धरमपूरला जिल्हा विज्ञान केंद्र उघडले. धरमपूर हे आदिवासी मुलखातील तालुक्याचे गाव आहे. धरमपूरला जे साधले, ते महाडला का साधू नये?

महाडची निकड तर अधिकच आहे. महाबळेश्वराच्या डोंगरातून निघालेली सावित्री तीव्र उताराने पोलादपूरकडे झेपावते, महाडपाशी तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रास जाते. डोंगरात अतिवृष्टी आणि खाडीत भरती ही एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा खुंटतो व शहर बुडते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडीवरही त्याच पावसात घाला पडला. या घटनांमागील शास्त्र या मुलांना कोणत्या दालनात पाहावयास मिळते?

महाडचे केंद्र वरळीची लहान प्रतिकृती असू नये. महाबळेश्वर ते बाणकोट असा सावित्रीच्या खोऱ्याचा आराखडा तेथे असावा. मुलाने वरून पाणी सोडावे, खालून भरती चढवावी आणि फुगवटा कोठे येतो ते पाहावे. कातळावरील सैल मातीत पाणी मुरले की तिची पकड कशी सुटते, हे उतारावरील मातीच्या थरांतून दाखवावे. जमिनीस पडलेली भेग, कललेली झाडे, अकस्मात गढूळ झालेला झरा ही धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकवावे. औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे गुणधर्म आणि सवच्या गरम झऱ्यांचे कारणही तेथे उलगडावे. शाळाशाळांतून पर्जन्यमापके ठेवून मुलांनी केलेल्या नोंदी केंद्रात एकत्र मांडाव्यात. अशा केंद्राने दरड थांबणार नाही, हे खरे. पण वेळीच घर सोडण्याचा निर्णय घेण्यास लागणारे ज्ञान घरोघर पोचेल.

रुग्णालये व रस्ते अपुरे असताना हा खर्च कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. पण पुरानंतर द्यावयाच्या मदतीसाठी पैसा काढावाच लागतो. त्यापूर्वीच्या शिक्षणासाठी तो काढणे चैन कशी ठरते? खरी भीती वेगळीच आहे. इमारतीचे उद्घाटन थाटात व्हावयाचे आणि वर्षभरात निम्म्या कळा बंद पडावयाच्या, हा अनुभव सार्वजनिक कामांत नवा नाही. म्हणून इमारत लहान असली तरी चालेल; परंतु दुरुस्तीची कार्यशाळा, कायम नेमणुकीचे तंत्रज्ञ आणि मराठीतून समजावून सांगणारे मार्गदर्शक यांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असली पाहिजे.

पाणवठा सर्वांना खुला असला पाहिजे, हे १९२७ मध्ये चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी कृतीने सांगितले. ज्ञानाच्या पाणवठ्यापर्यंतची वाट आज पैशाने आणि अंतराने अडली आहे. ती मोकळी करण्याचे दायित्व राज्य शासन व परिषद या दोघांचेही आहे. पुढच्या आपत्तीची वाट न पाहता त्यांनी ते पार पाडावे.