गंगाराम कांबळेंचं हॉटेल आणि आपली खानावळ



सुट्ट्या लागल्या की मुंबई, नागपूर, नांदेडकडचे कार्यकर्ते विचारतात, "दोन दिवस कोल्हापूरला येतोय. भपका नसलेलं, खिशाला परवडेल असं चांगलं जेवण कुठं मिळेल?" प्रश्न साधा आहे आणि त्याचं साधं उत्तर आम्ही आधी देऊन टाकतो.

मुक्काम मंगळवार पेठेत करा. ही तालमींची, कामगारांची पेठ. १९१२ साली उभं राहिलेलं शाहू महाराजांचं खासबाग मैदान इथंच आहे. सकाळी मिसळ खा. आमच्याकडे ती स्लाइस पावाबरोबर मिळते आणि कट वेगळा मागता येतो. नाव गाजलेल्या ठिकाणी रांगेत तासभर उभं राहण्यात काही अर्थ नाही, दोन गल्ल्या पुढं तशीच मिसळ बाकड्यावर बसून मिळते. दुपारच्या जेवणासाठी मोबाइलवरचे तारे मोजू नका, रिक्षा स्टॉपवर विचारा. रिक्षावाला स्वतः कुठं जेवतो ते विचारा. पाहुण्याला कुठं नेतो ते विचारू नका, ही दोन उत्तरं वेगळी असतात. जिथं महिन्याच्या डब्यावर पोरं जेवतात, फळ्यावर खडूनं दर लिहिलेला असतो आणि दुपारी तीनला रस्सा संपलेला असतो, ती खानावळ चांगली. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्या. झालं.

पण हा प्रश्न आम्हाला एवढ्यावर सोडवत नाही. "चांगलं हॉटेल कुठं आहे" हे विचारणं हाच मुळात आपल्या समाजाला उशिरा मिळालेला हक्क आहे. आपल्या आजोबांचा प्रश्न वेगळा होता. आपल्याला आत कोण घेईल, हा.

१९३४ साली बाबासाहेब काही सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. निव्वळ सहल होती. सभा नव्हती, सत्याग्रह नव्हता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या मंडळींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले आणि 'हौद बाटवला' म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी हौदाच्या पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला गेला आणि मग किल्ला बघता आला. त्याआधी १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना म्हणून बाबासाहेब पारशी धर्मशाळेत उतरले होते. तिथून लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाची ही गत. म्हणून आपल्यासाठी पर्यटन हा हौसेचा विषय नंतरचा, आधी तो नागरिकत्वाचा विषय आहे.

अमेरिकेत १९३६ साली व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय पोस्टमननं एक पुस्तिका काढली. प्रवासात काळ्या माणसाला कुठं खोली मिळेल, कुठं जेवण मिळेल, याची ती यादी होती. 'ग्रीन बुक' म्हणून ती तीस वर्षं निघत राहिली. आपल्याकडे अशी पुस्तिका छापली गेली नाही, पण ती तोंडोतोंडी होतीच. अमक्या गावच्या स्टँडवर उतरलास की तमक्याकडं जा, चहाची तल्लफ आली तरी त्या वेशीवरच्या टपरीवर जाऊ नकोस, तिथं आपली कपबशी वेगळी ठेवतात आणि आपणच विसळून ठेवायची असते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना ही यादी अजून पाठ असेल.

आता कोल्हापूरकडं वळू. इथल्या खाण्यावर पोत्यानं व्हिडिओ निघतात. तांबडा, पांढरा, सुक्कं, 'राजेशाही थाट', 'शाही परंपरा'. या शाही परंपरेत ज्या हॉटेलात खुद्द छत्रपती चहा प्यायले त्या हॉटेलाचं नाव कुणी घेत नाही. ते हॉटेल होतं गंगाराम कांबळे यांचं, भाऊसिंगजी रोडवर.

गंगाराम हे महार समाजातले, महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून तिथल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज परत आल्यावर गंगारामांनी गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. एवढ्यावर थांबले असते तरी इतिहासानं त्यांना न्यायी राजा म्हटलं असतं. पण त्यांनी गंगारामांना चाकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. असं 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. दुकान स्वच्छ होतं, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. 'महाराचा चहा' कोण पिणार? मग महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीतल्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांना प्यायला लावायचे. महाराजांसमोर 'नको' म्हणायची कुणाची टाप?

ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत नेहमी सांगितली जाते आणि नेहमी महाराजांच्या मोठेपणावर संपवली जाते. ते मोठेपण निर्विवादच आहे. पण आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून या गोष्टीत आणखी एक बाजू बघतो. इथं गंगाराम मालक आहेत. चहा पाजणारा हात त्यांचा आहे आणि पैसे मोजणारा सवर्ण आहे. सहभोजनात याच्या उलट असतं. सहभोजनात 'ते' आपल्याला पंगतीत घेतात, फोटो निघतो, उपकार होतो. निवडणुकीच्या तोंडावर पुढारी दलिताच्या घरी जेवायला जातात आणि ताट मात्र बाहेरून मागवलेलं असतं, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. गंगारामांच्या दुकानात उपकाराला जागा नव्हती. चहा प्या, पैसे द्या, पुढं व्हा. महाराज १९२२ साली गेल्यावर त्यांचं स्मारक नर्सरी बागेत उभारायला पुढाकार घेतला तो याच गंगारामांनी. ते फक्त मदत घेणारे राहिले नव्हते, हे त्यावरूनही कळतं.

यावर काही वाचलेले मित्र म्हणतील की बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहारा'त एकत्र जेवण्यानं जात मरत नाही असं साफ लिहिलंय, मग चहाच्या कपाचं एवढं काय? बरोबर आहे. एका टेबलावर जेवून उठलेली माणसं घरी जाऊन पोरीचं लग्न जातीतच लावतात. पण आम्ही इथं जातिअंताचा दावा करत नाही. आमचा प्रश्न रोजीरोटीचा आहे. घटनेच्या कलम १५ नं आपल्याला उपाहारगृहात शिरायचा हक्क दिला. १९५५ च्या कायद्याचं कलम ४ तर तिथली भांडी वापरायलाही कुणी अडवू शकत नाही असं सांगतं. म्हणजे खाणाऱ्याच्या बाजूनं कायदा आहे. रांधून विकणाऱ्याच्या बाजूनं काय आहे? 'तुमच्या हातचं खात नाही' असं न बोलता नुसतं दुसऱ्या दुकानात जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठलं कलम लावणार? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या मुलांनी दलित बाईनं रांधलेला मध्यान्ह भोजनाचा डबा नाकारला, ही काही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही.

बचत गटांच्या कामात आम्हाला हे रोज दिसतं. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी कर्ज काढून खानावळ सुरू केली. हाताला अशी चव की भाकरी नुसती खावी. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, आडनाव नको, बुद्धाचा फोटो गल्ल्याच्या मागं आतल्या बाजूला लावू. नाव ठेवलं 'माउली'. आम्ही त्यांना दोष दिला नाही आणि देणारही नाही. हप्ता त्यांना भरायचाय, आपल्याला नाही. पण भिंतीवरच्या 'शुद्ध शाकाहारी'तला 'शुद्ध' दिमाखात झळकतो, 'अस्सल मराठा खानावळ' अशी पाटी लावताना कुणाचा हात थरथरत नाही आणि आपल्या बाईला मात्र स्वतःचं आडनाव लपवावं लागतं, याचा हिशोब कोण देणार?

आणखी एक गंमत बघा. रक्ती, मुंडी, वजडी, पाया हे आज 'कोल्हापुरी स्पेशल' म्हणून चढ्या भावानं विकलं जातं. हेच पदार्थ आपल्या आज्या चुलीवर शिजवायच्या तेव्हा वास येतो म्हणून नाक मुरडलं जायचं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली म्हणून निदान ते कागदावर तरी आलं. नाहीतर पदार्थ उरतो आणि तो कुणाच्या चुलीवरचा होता हे पुसलं जातं.

तेव्हा येणाऱ्यांना आमचं सांगणं असं. ९ डिसेंबरला बिंदू चौकात बरेच जण येतात. १९५० साली याच तारखेला, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं तिथं त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा बसला. अभिवादन करून झालं की मंडळी मोबाइल काढतात आणि पहिल्या पाच नावांतल्या हॉटेलात शिरतात. तसं करू नका. आधी भाऊसिंगजी रोडवरून एक फेरी मारा. मग आपल्या वस्तीतली, आपल्या बायांची खानावळ शोधून तिथं जेवा. जेवण आवडलं तरच पुन्हा जा. आपली म्हणून बेचव आमटी गोड मानून घ्यायची गरज नाही, त्यानं त्या बाईचाच धंदा बुडतो. मीठ कमी असेल तर तोंडावर सांगा. पैसे पूर्ण द्या, 'आपलाच माणूस' म्हणून सवलत मागू नका आणि उधारी तर अजिबात नको. बाहेर पडल्यावर मोबाइलवर चार ओळी लिहा, चव, दर, वेळ सगळं. जात लिहायची की नाही हे त्या ताईंना विचारून ठरवा.

गेल्या वर्षभरात आम्ही कोल्हापुरातल्या अशा नऊ खानावळी आणि चहाच्या गाड्या फिरून पाहिल्या, त्यातल्या सहा ठिकाणी पुन्हा जेवायला जावं असं वाटलं. आपापल्या शहरातली अशी ठिकाणं जेवून, पारखून आम्हाला कळवा. सांगली, इचलकरंजी आणि निपाणीची नावं आमच्याकडे अजून एकही नाहीत.